अपघाताचा चुकीचा दावा तुमच्या गाडीवर आला तर

पत्र किंवा ईमेल येतो: अमुक तारखेला, अमुक ठिकाणी तुमच्या गाडीने आमच्या अशिलाच्या गाडीला धडक दिली, नुकसानभरपाई द्या. तुम्हाला असा अपघात आठवतच नाही, किंवा आठवतो तो अगदी वेगळा. अशा वेळी माणूस दोन गोष्टींपैकी एक करतो. संतापून समोरच्याला फोन लावतो, नाहीतर 'आपण काही केलंच नाही, उत्तर कशाला द्यायचं' म्हणून कागद खणात टाकतो. यातली दुसरी चूक जास्त महागात पडते. उत्तर न देणाऱ्याविरुद्ध दावा एकतर्फी निकाली निघू शकतो, आणि तो निकाल फिरवण्याचा खर्च मूळ दावा खोडण्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त येतो.

कायद्याचे तपशील आणि मुदती देशागणिक बदलतात. त्या तुमच्या नोटिशीवर आणि पॉलिसीवर छापलेल्या असतात, त्या वाचाच. इथे भर आहे तो पुराव्यावर आणि पत्रव्यवहारावर, कारण दावा टिकतो की पडतो ते तिथेच ठरतं.

पहिल्या दिवशी

पत्र मिळाल्याची तारीख त्याच्यावर पेनने लिहा आणि पाकीटही जपून ठेवा. मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजायची की मिळाल्यापासून, यावरून पुढे वाद होतो, तेव्हा शिक्का असलेलं पाकीट कामी येतं. ईमेल असेल तर तो डिलीट करू नका, मूळ स्वरूपात सेव्ह करा.

पत्र खरं आहे का, हे आधी तपासा. अपघाताच्या नावाने पैसे उकळणारी बनावट पत्रं येतात. पत्रातल्या फोन नंबरवर किंवा लिंकवर जाऊ नका. तुमच्या पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या नंबरवरून आपल्या विमा कंपनीला फोन करा आणि असा दावा खरोखर नोंदला गेला आहे का, ते विचारा.

दावा खोटा वाटला तरी विमा कंपनीला कळवणं टाळू नका. 'गाडीसंबंधी कोणताही दावा आला की ताबडतोब कळवावे' ही अट जवळपास प्रत्येक वाहन पॉलिसीत असते. उशीर केलात तर उद्या खरोखर पैसे भरायची वेळ आल्यावर कंपनी त्याच अटीवर बोट ठेवू शकते. फोननंतर त्याच दिवशी ईमेल करा आणि क्लेम नंबर, फाइल हाताळणाऱ्याचं नाव व त्याचा ईमेल पत्ता मागून घ्या. फोनवर झालेल्या बोलण्याला पुढे काही किंमत राहत नाही, म्हणून प्रत्येक फोननंतर दोन ओळींचा ईमेल टाका: 'आज दुपारी तीनच्या सुमारास आपलं बोलणं झालं, आपण असं असं सांगितलंत.'

समोरच्याशी थेट बोलू नका. 'सॉरी, पण मला आठवत नाही' यातलं 'सॉरी' तेवढं त्यांच्या निवेदनात उतरतं. 'थोडंफार देऊन मिटवून टाकू' हे तर कबुलीच धरलं जाऊ शकतं, आणि आपल्या संमतीशिवाय तडजोड करू नये ही अटही पॉलिसीत बहुधा असतेच.

तुम्ही नेमकं काय नाकारताय?

हा प्रश्न पहिल्या पत्राआधी सुटला पाहिजे. चार वेगवेगळ्या भूमिका असतात आणि प्रत्येकीचा पुरावा वेगळा: माझी गाडी तिथे नव्हतीच, तिथे होती पण धक्का लागला नाही, धक्का लागला पण चूक माझी नाही, किंवा चूक माझी पण एवढं नुकसान त्या धक्क्याने झालेलं नाही. लोक घाबरून चारही एकदम लिहितात. 'मी तिथे नव्हतो, आणि असलो तरी धडक त्याने दिली' असं वाक्य वाचलं की तपासणाऱ्याचा पहिल्या अर्ध्यावरचा विश्वासही उडतो. वकील कोर्टात पर्यायी बचाव मांडतात, ते त्यांचं काम आहे. तुमच्या निवेदनात एकच भूमिका हवी आणि ती शेवटपर्यंत तीच राहिली पाहिजे.

पहिली भूमिका असेल तर चूक कुठे झाली असेल, याचा अंदाज घ्या. सगळ्यात साधं कारण म्हणजे चुकीचा वाचलेला नंबर. पळून गेलेल्या गाडीचा नंबर घाईत टिपताना बी आणि ८, ओ आणि शून्य, एस आणि ५, एम आणि एन यांची गल्लत होते. म्हणून दावेदाराने पहिल्यांदा दिलेलं वर्णन मागा: कंपनी, मॉडेल, रंग, चालक पुरुष की स्त्री, आत किती जण. नंतरच्या कागदांत तुमच्या गाडीचं वर्णन अचूक असतं, कारण ते नोंदणीवरून उतरवलेलं असतं. पहिल्या फोनच्या नोंदीत मात्र 'पांढरी छोटी गाडी' असतं आणि तुमची असते करडी सेडान. ती पहिली नोंद सोन्यासारखी.

दुसरं कारण बनावट नंबरप्लेट. तुमच्याच नंबरची दुसरी गाडी फिरत असल्याची शंका आली तर पोलिसांत तक्रार नोंदवा, वाहन नोंदणी कार्यालयाला लेखी कळवा आणि आपल्या प्लेटचे जवळून फोटो काढा. रिव्हेट कुठे आहेत, कोपरा कुठे वाकलाय, अक्षरांमधलं अंतर किती, काचेवर कोणती स्टिकर आहेत. दुसरी गाडी एखाद्या कॅमेऱ्यात सापडली की याच खुणा ती वेगळी असल्याचं दाखवतात. तिसरं कारण विकलेली गाडी: नोंदणीवर अजून तुमचंच नाव आहे. अशा वेळी विक्रीच्या कागदावर गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ दोन्ही हव्यात, कारण अपघात नेमका त्याच दिवशीचा निघाला तर नुसत्या तारखेने भागत नाही.

आधी तो पुरावा, जो लवकर पुसला जातो

सवयीने माणूस आधी कपाटातली कागदपत्रं गोळा करायला बसतो. कागद महिनाभराने काढले तरी तेच राहतात. कॅमेऱ्यातलं चित्रण थांबत नाही.

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. कुठे आठवड्यात, कुठे महिन्याभरात. पत्र हातात पडेपर्यंत यातले बरेच दिवस गेलेले असतात, त्यामुळे ही धावपळ पहिल्या दोन दिवसांतच करायची. प्रत्यक्ष जागेवर जा आणि कॅमेरे कुठे कुठे आहेत ते बघा: दुकानं, पार्किंगची फाटकं, सोसायट्या, पेट्रोल पंप. अर्जात कॅमेऱ्याची जागा, तारीख आणि वेळेचा टप्पा द्या. दाव्यातल्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे अर्धा-अर्धा तास मागा, कारण दाव्यातली वेळ बहुधा अंदाजे असते. चित्रण तुमच्या हातात द्यायला मालक नकार देऊ शकतो. तसं असेल तर 'देऊ नका, पण पुसू नका, विमा कंपनी किंवा पोलीस मागतील' असं लेखी सांगा आणि पोच घ्या. तिथल्या मॉनिटरवर दिसणारं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ एकाच फोटोत घ्या. असे कॅमेरे कित्येकदा काही मिनिटं, कधी तासभरही मागेपुढे असतात, आणि तुम्ही तिथे नसल्याचा सगळा हिशेब त्या फरकावर उलटू शकतो.

डॅशकॅमचंही (गाडीच्या काचेजवळ लावलेल्या कॅमेऱ्याचंही) असंच. चित्रण एक ते पाच मिनिटांच्या तुकड्यांत होतं आणि कार्ड भरलं की सर्वांत जुना तुकडा जातो. ६४ जीबीच्या कार्डावर फुल एचडी चित्रण साधारण आठ-दहा तासांचं मावतं, म्हणजे रोज गाडी चालवणाऱ्याचे फार तर काही दिवस. कार्ड काढून घ्या, गाडीत दुसरं घाला. मूळ फाइल कापू नका, नाव बदलू नका, कॉपीवर काम करा. संगणकावर त्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलमधून काढलेला आकडे-अक्षरांचा ठसा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) काढून त्याच दिवशी स्वतःला ईमेल केलात, तर नंतर फाइलमध्ये फेरफार झाल्याचा आरोप टिकवणं अवघड जातं.

फोटोंबाबत एक नेहमीची चूक: मूळ फोटोत वेळ आणि जागा दडलेली असते, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ईमेलला जोडा, आणि मूळ फोटो फोनमधून काढू नका.

त्यानंतर बाकीचं: मोबाइलची टाइमलाइन, गाडीच्या ॲपमधला प्रवासाचा इतिहास, टोलची नोंद, पार्किंगची पावती, कामावरची हजेरी, सर्व्हिसिंगचं बिल. बिलावर तारखेबरोबर किलोमीटर छापलेले असतील तर ते विशेष उपयोगी. बँकेच्या स्टेटमेंटवर विसंबताना जपा: तिथे दिसणारी तारीख व्यवहार जमा झाल्याची असू शकते, कार्ड वापरल्याची नव्हे. आणि हे सगळं सिद्ध करतं ते तुमचा फोन किंवा कार्ड कुठे होतं एवढंच. गाडी त्या वेळी दुसरं कोणी चालवत नव्हतं ना, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा, आणि घरातलं कोणी गाडी घेऊन गेलं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

गाडीला हात लावू नका

गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका, जुना ओरखडाही भरून घेऊ नका. दावा आल्यानंतर गॅरेजला गेलेल्या गाडीबद्दल समोरचा एकच वाक्य लिहितो: 'पुरावा नष्ट केला.' मग तुम्ही वायपर बदलायला गेला होतात, हे सांगत बसावं लागतं.

फोटो सपाट जमिनीवर, दिवसाच्या उजेडात काढा. टायरमधली हवा गाडीच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा आणि डिकी रिकामी करा, कारण हवा आणि वजन यांनी बंपरची उंची बदलते. चारही बाजू, चारही कोपरे, नंबरप्लेट, चासी नंबर, मीटरवरचे किलोमीटर. मग प्रत्येक जुन्या-नव्या खुणेजवळ मोजपट्टी उभी धरा, तिचं टोक जमिनीला टेकलेलं. कॅमेरा खुणेच्याच उंचीवर आणि पत्र्याला काटकोनात हवा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत पट्टीवरचा आकडा दोन-तीन सेंटिमीटरने सहज चुकतो. तीनेक मीटर मागे जाऊन झूम करून काढलेला फोटो जवळून काढलेल्यापेक्षा खरा आकडा दाखवतो.

आता या आकड्यांचं करायचं काय, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, दावा असा आहे की तुम्ही ब्रेक दाबत असताना मागून धडकलात. त्यांच्या डिकीच्या दारावरचा पोचा जमिनीपासून ६८ ते ७४ सेंटिमीटरवर आहे. तुमच्या बंपरचा सर्वांत पुढे आलेला भाग ४८ ते ५८ सेंटिमीटरवर आहे आणि त्याच्या वर बॉनेट मागे सरकत जातं. जोरात ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली झुकतं, म्हणजे तुमचा बंपर प्रत्यक्षात ४८ पेक्षाही खालून लागला असता. बॉनेटची कड ७० सेंटिमीटरवर टेकायची तर त्याआधी बंपर आत दबायला हवा, आणि मग त्यांच्या मागच्या बंपरवर खाली खूण उमटायला हवी. ती नसेल तर पोचा दुसऱ्या कशाचा तरी आहे. हे असं आकड्यांसकट लिहिलेलं उत्तर सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा माणूस, सहज बाजूला टाकू शकत नाही.

रंगाचंही मोजमाप असतं. दोन गाड्या घासल्या की बहुधा रंग दोन्हीकडे उतरतो. त्यांच्या पत्र्यावर लाल रंग आणि तुमची गाडी निळी, एवढं सोपं असेल तर प्रश्नच नाही. रंग जुळत असला तरी प्रायमर, मूळ रंग आणि वरचा पारदर्शक थर यांची तुलना प्रयोगशाळेत इन्फ्रारेड तपासणीने करता येते. दावा मोठा असेल तरच हा खर्च परवडतो. स्वस्त आणि उपयोगी उपकरण म्हणजे रंगाची जाडी मोजणारा मीटर. कंपनीतून आलेल्या पत्र्यावर साधारण १०० ते १५० मायक्रॉन येतात, पुन्हा रंगवलेल्या भागावर बहुधा २०० च्या वर, आणि खाली पुट्टी असेल तर आकडा ५०० किंवा हजाराच्याही पुढे जातो. 'यांनी गाडी गुपचूप दुरुस्त करून घेतली' या आरोपाला सगळ्या पॅनलवर सारखे पडलेले आकडे हे चांगलं उत्तर आहे. मात्र हा मीटर धातूवर चालतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर त्याचा उपयोग नाही.

प्लॅस्टिकच्या बंपरबद्दलच आणखी एक. तो दबून परत जागेवर येऊ शकतो, म्हणून 'माझ्या बंपरवर एक ओरखडा नाही' हे म्हणणं तुम्हाला वाटतं तेवढं भक्कम नसतं. खरी गोष्ट आत असते: तुटलेल्या क्लिपा, वाकलेले ब्रॅकेट, मागचा धातूचा दांडा. बंपर उतरवून आतले फोटो घ्यायचे असतील तर ते सर्व्हेअरसमोरच करा, स्वतः पाना लावू नका.

पुष्कळ गाड्यांत एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेच्या आधीच्या साधारण ५ सेकंदांची नोंद राहते: वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर. ती काढायला खास उपकरण लागतं. हलका धक्का मात्र नोंदलाच जात नाही, त्यामुळे 'नोंद नाही म्हणजे अपघात नाही' असा निष्कर्ष काढू नका. एअरबॅग न उघडलेल्या धडकेची नोंद पुढच्या घटनेने पुसलीही जाऊ शकते.

समोरच्याचे कागद वाचताना

विमा कंपनीमार्फत दुरुस्तीचं एस्टिमेट, मूळ फोटो, निवेदन आणि पोलीस नोंद असेल तर तिची प्रत मागा. एस्टिमेटमधल्या प्रत्येक सुट्या भागापुढे तो गाडीच्या कोणत्या बाजूचा, ते लिहा. धडक मागून, आणि यादीत पुढचा उजवा हेडलॅम्प! असं सापडतं. पण उगाच प्रत्येक ओळीवर आक्षेप घेऊ नका. शेजारच्या पॅनलवर रंग जुळवून मारणं ही नेहमीची रीत आहे. पुढच्या काचेत किंवा बंपरमध्ये कॅमेरे-रडार असतील तर दुरुस्तीनंतर त्यांचं कॅलिब्रेशन (पुन्हा अचूक जुळवणी) बहुधा करावंच लागतं. अशा रास्त खर्चावर भांडलात की खऱ्या आक्षेपाची धार जाते. पोच्यात गंज किंवा ओरखड्यात मुरलेली धूळ दिसते का, ते पाहा. अपघात कालचा आणि फोटोतला गंज जुना, असं कधी कधी उघड दिसतं.

दुखापतीचा दावा असेल तर वैद्यकीय मतं देऊ नका, ते डॉक्टरांचं काम. तुम्ही सांगू शकता ते एवढंच: समोरच्या गाडीत किती माणसं दिसली, कोण कुठे बसलं होतं, कोण उतरून चालत आलं. गाडीत एकटा चालक आणि दावेदार तिघे, असे प्रकार घडतात.

लेखी उत्तर

निवेदनात विशेषणं नकोत. 'फसवणूक', 'खोटारडे', 'टोळी' हे शब्द टाळा. सिद्ध करता आले नाहीत तर बदनामीचा उलटा दावा अंगावर येतो, आणि 'विसंगत' या शब्दाने तेच काम भागतं. वेग आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिहा. अंदाजाने ठोकलेला आकडा पुढे एखाद्या नोंदीशी जुळला नाही की बाकीचं खरंही संशयाखाली येतं. तुम्ही घटनास्थळी असाल तर हाताने नकाशा काढा: उत्तर दिशा, लेनची मोजलेली रुंदी, सिग्नल, आणि दोन्ही गाड्यांच्या जागा क्रमाने १, २, ३. विमा कंपनीला पाठवायचं पत्र साधारण असं:

'विषय: क्लेम क्रमांक ____. सदर दाव्यातील जबाबदारी मला मान्य नाही. दिनांक ____ रोजी ____ ते ____ या वेळेत माझी गाडी ____ येथे उभी होती. सोबत पार्किंगची पावती, चित्रणाची प्रत आणि गाडीचे मोजपट्टीसह २४ फोटो जोडले आहेत. दावेदाराने दिलेलं गाडीचं पहिलं वर्णन, नुकसानीचे मूळ फोटो आणि दुरुस्तीचं एस्टिमेट मला मिळावं. माझी गाडी दुरुस्त न करता जशीच्या तशी ठेवली आहे. कृपया सर्व्हेअर पाठवून तपासणी करावी. माझं म्हणणं ऐकल्याशिवाय दावा निकाली काढू नये. काढल्यास त्याची कारणं मला लेखी द्यावीत.'

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. पॉलिसीच्या अटींनुसार दावा लढवायचा की मिटवायचा, हा अधिकार बहुधा कंपनीकडे असतो. छोटा दावा लढवण्यापेक्षा मिटवणं स्वस्त पडतं, म्हणून ती तुम्हाला न विचारता पैसे देऊन मोकळी होऊ शकते. त्याचा भार तुमच्यावर येऊ शकतो: पॉलिसीप्रमाणे नो क्लेम बोनस (दावा नसल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाऊ शकतो, पुढचा हप्ता वाढू शकतो. तुमचा आक्षेप फाइलवर लवकर आणि पुराव्यासकट चढलेला असेल तर मिटवणाऱ्याला दोनदा विचार करावा लागतो.

साक्षीदार असतील तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, सही आणि तारखेसह घ्या. तीन साक्षीदारांची सारखीच वाक्यं असली की ती कुणीतरी लिहून दिली आहेत, हे पहिल्या वाचनात कळतं. सोबत बसलेल्या नातेवाइकांची साक्ष चालते, फक्त तिचं वजन कमी धरलं जातं.

कोर्टाचे कागद आले तर

समन्सची गोष्ट वेगळी. त्यावरची मुदत पक्की असते आणि 'विमा कंपनी बघतेय' हे कारण कोर्ट ऐकत नाही. त्याच दिवशी स्कॅन करून कंपनीला पाठवा, मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि तुमच्या वतीने कोण वकील हजर राहणार, उत्तर कधी दाखल होणार, हे लेखी विचारा. मुदतीच्या तीन दिवस आधीपर्यंत नाव मिळालं नाही तर स्वतःचा वकील गाठा आणि निदान वाढीव मुदत मागा.

कंपनीच ऐकत नसेल तर पायऱ्या ठरलेल्या आहेत: फाइल हाताळणारा, मग कंपनीचा तक्रार विभाग, मग विमा लोकपाल किंवा तुमच्याकडची तशी यंत्रणा. वरच्या पायरीवर बहुतेक ठिकाणी कंपनीचं अंतिम लेखी उत्तर मागतात, म्हणून 'हे आपलं अंतिम उत्तर समजावं का?' असं स्पष्ट विचारून ते मिळवा.

दावा मागे घेतला गेला किंवा फेटाळला गेला, तरी फाइल आपोआप नीट बंद होईल असं धरू नका. कंपनीच्या नोंदीत तो 'प्रलंबित' किंवा 'चालकाची चूक' म्हणून पडून राहू शकतो आणि ते नूतनीकरणाच्या वेळी वाढलेला हप्ता पाहिल्यावर कळतं. बंद झाल्याचं पत्र मागा, त्यात 'रक्कम दिली नाही' हे शब्द आहेत का ते पाहा, बोनस पूर्ववत झाल्याची खात्री करा. विमा कंपन्या आपसात दाव्यांची माहिती ज्या सामायिक नोंदीत ठेवतात, तिथलीही दुरुस्ती लेखी मागा. दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी घेताना 'आधी दावा आला होता का' असं विचारलं तर हो लिहा आणि ते पत्र जोडा. डॅशकॅमचं मूळ कार्डही दाव्याची कायदेशीर मुदत संपेपर्यंत त्याच फाइलमध्ये राहू द्या.